पुरलेला विस्तव

सगळं शेण सारखंच, असं म्हणणाऱ्या माणसाशी यांजमा दुसऱ्यांदा बोलत नसे. घोड्याचं चटकन पेटतं आणि चटकन विझतं, ते चहापुरतं ठीक. गाईचं शांतपणे जळतं, धुसफुस करत नाही. उंटाचं टिकतं. आणि मेंढ्यांच्या वाड्यात हिवाळाभर तुडवलं जाऊन जे दगडासारखं घट्ट होतं, वसंतात फावड्याने वडी कापावी तसं कापून काढावं लागतं, त्याच्या आचेला तर तोड नाही. रानात पडल्यापडल्या वाळलेली शेणी हातात घेतली की तिने किती ऊन आणि किती बर्फ खाल्लंय ते यांजमा नुसत्या वजनावरून सांगायची. पाठीला करंडी बांधून, लाकडी पंजाने शेणी उचलून ती खांद्यावरून मागे न बघता फेकायची आणि नेम चुकायचा नाही. सासूने तिला पसंत केलं ते या नेमावर, रूपावर नाही, असं ती स्वतःच सांगत असे. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं की ते कोणालाही पटायचं.

हे सगळं गोबीच्या वाळवंटातलं. तिथे सरपण म्हणजे शेणी, दुसरं झाड ना झुडूप. मग एका हिवाळ्यात बर्फाखाली गवत गाडलं गेलं आणि तीनशे जनावरांतली अकरा उरली. वर्षभरात नवराही गेला. धाकटा मुलगा झोरिग म्हणाला, "आई, आता इथे कशासाठी राहायचं?" गेर, म्हणजे लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू, उकलून ट्रकवर चढवला आणि राजधानी उलानबातरच्या उत्तरेला, डोंगराच्या उतारावर, फळ्यांच्या कुंपणात पुन्हा उभा केला. तीच जाळीची भिंत, तेच नमद्याचे पडदे, मधोमध तीच लोखंडी शेगडी आणि छताच्या भोकातून वर गेलेलं तेच धुराडं.

विस्तवाच्या बाबतीत यांजमाचा एक नियम होता. मुक्काम हलवायचा दिवस सोडला तर तो विझू द्यायचा नाही. बाहेर जाताना, निजताना, अर्धवट जळलेली मोठी शेणी शेगडीच्या पोटात सारायची, तिच्यावर वीतभर राख ओढायची आणि धुराड्यातली चकती फिरवून वाट बंद करायची. परत आल्यावर राख बाजूला केली की आत लालबुंद डोळा उघडायचा. चार फुंकरी आणि वाळक्या शेणीचे चार तुकडे, की चहा तयार. याला ती विस्तव पुरणं म्हणायची. तिच्या सासूने तिला हेच शिकवलं, आणि सासूला तिच्या सासूने. विस्तव विझू देणारी बाई म्हणजे दूध नासवणारी बाई, अशी त्या घराण्याची सरळ समजूत होती.

सून सारुल मात्र शहरातली. लोकरीच्या कारखान्यात स्वेटर विणायच्या यंत्रावर कामाला. पोरगी मनाने चांगली, पण नाक तिखट.

"आई, आज कारखान्यात बायका काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, सारुल तर आली, गाय कुठे बांधलीये?"

"गाय नाही, उंट म्हणावं," यांजमा म्हणाली. "उंटाचं आहे. असा वास दुकानात मिळत नाही म्हणावं."

दोघी हसल्या. सासू-सुनेत हसण्याइतकं बरं होतं. झोरिग दक्षिणेच्या खाणीत डंपर चालवायचा, तीन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. म्हणजे घरात खऱ्या अर्थाने तिघीच: सासू, सून आणि दहा महिन्यांची अनुजिन. सारुल कामावर गेली की संध्याकाळपर्यंत पोर आजीजवळ. यांजमाला चार नातवंडं होती, पण बाकीची दूर दूर वाढली. मांडीवर वाढलेली अशी ही एकटीच. रांगत शेगडीकडे निघाली की यांजमा तिचा पाय धरून मागे ओढायची, आणि ती पुन्हा निघायची. दिवसातून पन्नासदा हा खेळ. यांजमाचा जीव त्या पोरीवर जडला होता आणि ते ती लपवतही नव्हती.

शरद संपता संपता दारखान शहराहून सारुलच्या आईचा फोन आला. तिचा फ्लॅट, भिंतीला गरम पाण्याच्या नळ्या, खिडकीला दुहेरी काच. पोरीला हिवाळाभर माझ्याकडे पाठव, धुरात कशाला ठेवतेस, असं तिचं म्हणणं. सारुलने ते झोरिगवर ढकललं, आणि झोरिगने खाणीतून फोन केला. समोर बसून बोलायची त्याची छाती नव्हती.

"आई, असं ठरवलंय. हा हिवाळा बघू. घर दिवसभर गरम राहिलं आणि पोरीला काही झालं नाही, तर ती तुझ्याजवळ. नाहीतर दारखानला."

"बरं," यांजमा म्हणाली.

"रागावलीस का?"

"चाळीस वर्षं मी घर गरम ठेवलंय. त्यात रागवायचं काय?"

पण त्या वर्षी गोबीत पाऊस झाला नव्हता. गवत नाही म्हणून शेणही नाही. दरवर्षी ट्रक भरून पोती आणणारा भाचा या खेपेला अर्धाच भरून आला, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत कुंपणाजवळची थप्पी गुडघ्यापर्यंत उतरली. शहरात कच्चा कोळसा जाळायला बंदी झाली ती त्याच वर्षी. त्याच्या जागी कोळशाचा चुरा दाबून केलेले काळे गोळे मिळायला लागले. पोत्यात भरलेले, कार्डावर मिळणारे, स्वस्त. धूर जवळजवळ नाही, वास नाही.

ते कसे जाळायचे हे दाखवायला वॉर्डातून उयांगा नावाची मुलगी आली. गल्लीच्या तोंडाशी एक शेगडी मांडून तिने गोळे पेटवून दाखवले. धुराडं झाडून घ्या म्हणाली. चकती पूर्ण बंद करू नका म्हणाली. "आणि ज्यांनी आजवर शेणी जाळल्यात त्यांनी नीट ऐका. याचं वेगळं असतं."

यांजमाने तिला मध्येच थांबवलं. "मुली, तुझ्या घरी शेगडी आहे का गं?"

"नाही आजी. मी फ्लॅटमध्ये राहते."

"बरं बरं. चालू दे तुझं."

सगळी गल्ली खो खो हसली. उयांगाचे कान लाल झाले, पण तिने सांगायचं ते सगळं सांगितलं. यांजमा मात्र शेजारच्या बाईला टाळी देण्यात गुंतली होती. पुढचं तिच्या कानावरून गेलं.

गोळ्यांची आणि तिची गट्टी लवकर जमली, हे तिने मोठ्या मनाने कबूल केलं. आच भरपूर. सारुलच्या कपड्यांचा वास गेला, कारखान्यात कोणी गाय विचारेना. पोरीला खोकला नाही. दोन आठवडे असे गेले की यांजमाने दारखानचा विचारच सोडला. एकच त्रास होता. हे गोळे एकदा विझले की पुन्हा पेटायला वाळकं लाकूड आणि अर्धा तास मागायचे, आणि तेवढ्यात गेर गारठून जायचा. म्हणून विझू न देणं आलं. आणि विझू न देण्याच्या कामात यांजमाचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्या दिवशी दुपारी पाणी संपलं. पाण्याची टपरी उताराच्या खाली, आणि बर्फावरून हातगाडी ओढत जाऊन-येऊन रांगेसकट दीड तास तरी लागायचा. अनुजिन दूध पिऊन झोपली होती, दुपट्यात गच्च गुंडाळलेली. इतक्या थंडीत तिला बाहेर नेण्यात अर्थ नव्हता. यांजमाने पाच-सहा गोळे शेगडीत सारले, त्यांवर राख ओढली, अगदी वीतभर. चकती फिरवली. घराची ऊब जाऊ नये म्हणून छताच्या भोकावरची नमद्याची झडपही दोरी ओढून लावून घेतली. दार नीट बंद आहे ना ते दोनदा पाहिलं आणि निघाली.

रांगेत तिच्यापुढे म्हातारा दान्झान होता. तोही गोबीतलाच, तीन घरं पलीकडे मुलीकडे राहायचा.

"पोरीला एकटं टाकून आलीस?" त्याने विचारलं.

"झोपलीये. आणि विस्तव पुरून आलेय, दादा. गेल्यावर बघ कसा जिवंत असेल."

"ते गोळे पुरता येतात?"

"का नाही येणार? विस्तव तो विस्तव. शेणीपेक्षा दुप्पट टिकतात."

"अगं, मग आधी नाही का सांगायचंस! रात्री तीनदा उठतो मी भर घालायला. माझ्या मुलीची जुळी पोरं माझ्याच उशाशी निजतात, गारठून जातात बिचारी."

"आजपासून पुर आणि खुशाल घोरत पड," यांजमा म्हणाली. सल्ला विचारला गेला की तिला बरं वाटायचं.

ती परतली तेव्हा गेर छान उबदार होता. अनुजिन झोपलेलीच, आणि तिचे गाल लालचुटूक. गोबीतल्या पोरांचे असतात तसे. शहरात जन्मलेल्या या पोरीचे गाल कधी तसे नव्हते, म्हणून यांजमाला हरखूनच गेल्यासारखं झालं. हवा मानवली म्हणायची, असं स्वतःशी म्हणत तिने चहाचं भांडं चढवलं. वाकली तशी डोक्यात कळ आली. गुडघे सैल पडले. चढ चढून आल्याचं असेल. मग तिला उशीवर उलटीचा डाग दिसला. तिने पोरीला हाक मारली. पायाला चिमटा घेतला. पोर हलली नाही.

पुढचं तिला तुकड्यातुकड्याने आठवतं. पोरीला छातीशी धरून ती अनवाणीच बाहेर बर्फात धावली. मोठ्याने ओरडली. समोरच्या घरातल्या माणसाने गाडी काढली. वाटेत, उघड्या खिडकीच्या गार वाऱ्यात, अनुजिन बारीक आवाजात कण्हली आणि यांजमा रडायला लागली.

कोळशाचा विषारी गॅस लागला, डॉक्टर म्हणाले. आणखी अर्धा तास झाला असता तर सांगता आलं नसतं. दोन दिवस प्राणवायूवर ठेवू, मग घरी न्या. सारुल कारखान्यातून तशीच धावत आली, हातात अजून सुताचं टोक. तिने आधी पोरीला पाहिलं. मग सासूचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

"आई, तुम्ही वेळेवर आला नसता तर! तुमच्यामुळे वाचली. तुमच्यामुळेच."

"मी पाण्याला गेले होते," यांजमा म्हणाली. हे खरं होतं. यापुढे तिने काही सांगितलं नाही.

संध्याकाळी ती एकटी घरी आली. दार उघडं टाकून तिने शेगडीत डोकावलं. राख तशीच होती. चकती बंद होती. चिमट्याने राख सारली तर खाली गोळे अजून लाल होते, आणि नाकाला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. शेणी धुमसली तर धुराने डोळे झोंबतात, आख्खं घर खोकतं, मेलेलं माणूसही उठून बसेल. हे मात्र गुपचूप जळत होतं. तेव्हा तिला सगळं कळलं. तिने चकती उघडली. राख काढून बाहेर दूरवर बर्फात फेकून आली. असं का केलं हे तिला त्या वेळी कोणी विचारलं असतं तर तिने घर आवरत होते असं सांगितलं असतं. पण ती घर आवरत नव्हती, पुरावा लपवत होती.

तिसऱ्या दिवशी अनुजिन घरी आली, जरा मलूल, पण हसरी. पाठोपाठ उयांगा आली, हातात हवा मोजायचं यंत्र आणि वहीत भरायचा कागद. बातमी पसरली होतीच, त्यामुळे शेजारीपाजारीही जमले. दान्झान तर तावातावाने बोलत होता.

"या गोळ्यांतच विष आहे! गरिबाला मारायचा धंदा आहे सगळा. लिही, मुली, लिही तुझ्या कागदावर."

"लिहिते आजोबा. आधी विचारू तर द्या." उयांगा यांजमाकडे वळली. "आजी, चकती बंद होती का?"

यांजमाने तोंड उघडायच्या आत सारुलच बोलली. "काहीतरीच काय विचारतेस? आमच्या आईंचा जन्म विस्तवाजवळ गेलाय. त्या चकती बंद करतील?"

"आणि वर राख वगैरे?"

"नाही म्हटलं ना!"

यांजमा पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. अनुजिन तिच्या पोशाखाची गुंडी तोंडात घालत होती. गप्प बसणं सोपं होतं. दोष गोळ्यांवर जात होता, गोळ्यांना काय त्याचं. सून तिच्या बाजूने भांडत होती. पोर मांडीवर होती आणि राहणार होती. बोललं की दारखान, हे तिला लख्ख दिसत होतं.

"राखेनं काय होतंय?" दान्झान म्हणाला. "मी दोन रात्री राख ओढूनच निजतोय. जुळी मस्त झोपतात. नुसती डोकी दुखतात म्हणतात सकाळी, पण ते शाळा बुडवायचं निमित्त. राखेचं नाव घेऊ नकोस तू. आमच्या यांजमानेच शिकवलंय मला."

सगळे यांजमाकडे बघायला लागले. कौतुकानेच.

"दादा, आज पुरू नकोस," ती म्हणाली.

"काय?"

"आज पुरू नकोस. कधीच पुरू नकोस." तिने शेगडीकडे बोट दाखवलं. "मीच पुरला होता. चकतीही मीच बंद केली, वरची झडपही. आल्यावर राख काढून फेकून दिली, कोणाला दिसू नये म्हणून. गोळ्यांत दोष नाही. ही मुलगी सांगत होती त्या दिवशी, मी हसण्यावारी नेलं."

दान्झानचं तोंड उघडंच राहिलं, मग तो उठला आणि टोपीसुद्धा न घेता घराकडे पळाला. त्या वयात पळता येत होतं तसा.

सारुल पुढे आली. तिने वाकून सासूच्या मांडीवरून पोरीला उचललं. गुंडी पोरीच्या तोंडातून सुटली. सारुल ओरडली नाही. ओरडली असती तर यांजमाला बरं वाटलं असतं. ती पोरीला घेऊन बाहेर गेली आणि थोड्या वेळाने कुंपणाशी उभी राहून फोनवर आपल्या आईशी बोलत असल्याचं ऐकू आलं.

उयांगाने कागदावर काहीबाही लिहिलं, मग खोडलं. "आजी, माझ्याबरोबर येता? माझं कोणी ऐकत नाही. शेगडी नाही ना माझ्याकडे."

हे ती टोमणा म्हणून बोलली नव्हती, पण यांजमाला लागायचं तिथे लागलं. ती उठली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दोघी मिळून गल्लीतल्या गोबीकडच्या सगळ्या घरांत गेल्या. प्रत्येक दारात यांजमाने तेच सांगितलं: मी पुरला, माझी नात मरता मरता वाचली. म्हातारी माणसं आधी हात झटकायची, छे छे, आम्ही तसं कुठे करतो म्हणायची. मग उयांगा शेगडीचं दार उघडायची. सात घरांत वर राख होती. एका घरात तिला शिव्या बसल्या, एका घरात चहा मिळाला. दान्झानच्या मुलीने दोन्ही जुळ्यांना समोर उभं करून तिला नमस्कार करायला लावला आणि यांजमा मान खाली घालून तिथून निघाली. तिला तो नमस्कार घेववेना.

घरी सारुल कामापुरतं बोलत होती. जेवण वाढते, पाणी आणते, एवढंच. आई हा शब्द तिने दोन दिवसांत उच्चारला नाही. झोरिगचा फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ठरल्याप्रमाणे, आई." यांजमा म्हणाली, "हो, ठरल्याप्रमाणे." तिने कोणाला दोष दिला नाही. पण पोरीचे धुतलेले कपडे घड्या घालून ठेवताना तिने एक मोजा हळूच आपल्या उशीखाली सारला, आणि मग पोरीचे पाय गारठतील म्हणून काढून परत पिशवीत ठेवला.

सकाळी दारखानची बस होती. कारखान्यातून रजा काढून सारुलही पोरीबरोबर तिकडेच राहणार होती. सारुलने पोरीला कोकराच्या कातड्यात गुंडाळलं, पिशवी खांद्याला लावली. यांजमाने पोरीच्या केसांचा वास घेतला, एकदा, दोनदा. सारुल दाराबाहेर पडली. कुंपणाचं फाटक वाजलं. यांजमा शेगडीजवळ बसून राहिली. चकती उघडी होती, वरची झडपही अर्धी उघडी, आणि भोकातून येणारी थंडी थेट तिच्या मानेवर पडत होती.

फाटक पुन्हा वाजलं. सारुल दारात उभी होती.

"आई, तीट राहिली."

लांबच्या प्रवासाला निघालेल्या लेकराच्या कपाळाला घरच्या चुलीची काजळी लावतात. ती घरच्या मोठ्या बाईनेच लावायची. यांजमा धडपडून उठली. तिने शेगडीच्या दारावरून बोट फिरवलं, पण गोळ्यांना काजळी धरत नाही, बोट स्वच्छच निघालं. शेवटी धुराड्याच्या वरच्या सांध्यात हात घालून, शेणी जाळायच्या दिवसांत साचलेली थोडी तिने खरवडून काढली. सारुलने पोरीचं तोंड पुढे केलं. यांजमाने बोट टेकवलं तेवढ्यात पोरीने मान वळवली आणि तीट कपाळावरून नाकापर्यंत ओढली गेली.

"पुसून नीट लावते," ती म्हणाली.

"राहू द्या. आहे ती बरी आहे." सारुलने पोरीची टोपी सारखी केली. "नव्या वर्षाला, पांढऱ्या महिन्याच्या सणाला घेऊन येते हिला. तोवर..."

"तोवर काय?"

"तोवर चकती बंद करत जाऊ नका. आता तुम्हाला उचलून बाहेर न्यायला घरात कोणी नाही."

यांजमाने मान हलवली. बस दहाची होती. त्या गेल्या.